सिनडसाठी प्रार्थना करताना नेमके काय मागावे?

निर्मळची वाट (वसई)

सर्वांना नमस्कार. मी आमच्या लहान ख्रिस्ती समूहाची समन्वयक असल्यामुळे रविवारच्या मिस्सासाठी (उपासनेसाठी) श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहिण्याचे काम दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे येते. या वेळी फादरांनी चिठ्ठीवर पाच विषय लिहून दिले आहेत आणि त्यांतला दुसरा विषय एका शब्दाचा आहे : ‘सिनड’, म्हणजे रोममध्ये भरणारी महागुरूंची (बिशपांची) सभा. जुनी वही उघडून पाहिली, तर २०२१ पासून आम्ही या विषयावर सात-आठ वेळा प्रार्थना केलेली आहे आणि वाक्य दर वेळी जवळपास तेच आहे, की सिनडमध्ये सहभागी होणाऱ्या महागुरूंना पवित्र आत्म्याचे मार्गदर्शन लाभावे आणि सिनड यशस्वी व्हावी.

हेच वाक्य पुन्हा उतरवून काढायला या वेळी हात धजला नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या सिनडचे रोममधील दुसरे सत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, ज्यांनी ही सिनड बोलावली ते पोप फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये देवाघरी गेले, मग आता प्रार्थना कशासाठी? अखेरचा शब्द पोप महोदयांचाच असेल, तर इतक्या लोकांना इतके दिवस बसवून चर्चा कशाला करायची? त्यातच माझी जाऊ माहेरची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीची, ती म्हणते की त्यांच्याकडे सिनड हीच सर्वोच्च सभा असते. आमच्या इमारतीतील एक मल्याळी कुटुंब कल्याणच्या सिरो-मलबार धर्मप्रांताचे आहे आणि ते सांगतात की त्यांचा प्रमुख सिनडच निवडते. हा एकच शब्द आहे की तीन वेगवेगळे?

आणखी एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, तरी सांगते. २०१४ आणि २०१५ मध्ये कुटुंब या विषयावर सिनड भरली, तेव्हा मी रोज रोझरी म्हणत होते. घरातल्या एका व्यक्तीचा पहिला विवाह मोडला होता, दुसरा नागरी पद्धतीने झाला होता आणि ती वर्षानुवर्षे मिस्साला येऊन कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी, अशा विवाहामुळे ते घेता येत नसल्याने, बाकावरच बसून राहत असे. मी पवित्र आत्म्याचे मार्गदर्शन मागत होते खरे, पण मला हवा तो निकाल मनात आधीच लिहून ठेवलेला होता. अशा मागण्याला प्रार्थना म्हणावे का, हा प्रश्न दहा वर्षे झाली तरी सुटलेला नाही.

जुना कॅटेकिस्ट

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याहून जाणते कोणी देईल. सिनड म्हणजे काय, एवढे मी सांगू शकतो, कारण धर्मशिक्षणाच्या वर्गात हा विषय मला पुष्कळदा समजावून सांगावा लागला आहे आणि तो मी काही वेळा चुकीचाही समजावला आहे.

मूळ शब्द ग्रीक असून त्याचे दोन तुकडे आहेत, ‘बरोबर’ आणि ‘वाट’. वारीला निघालेल्या दिंडीत पुढच्याला मागच्यासाठी थांबावे लागते, ते आपल्या लोकांना चटकन कळते, म्हणून मी वर्गात तेच उदाहरण देतो. शास्त्रातला पहिला दाखला प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे. परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांनी सुंता करून घ्यावी की नाही यावर यरुशलेममध्ये मोठा वाद झाला, पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, याकोबाने निष्कर्ष मांडला, आणि जे पत्र पाठवले त्यात हे पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले असे लिहिले. पवित्र आत्म्याचे नाव आधी आले, पण वाद टाळून आले नाही.

आज आपण जिला सिनड म्हणतो ती महागुरूंची सिनड पोप सहावे पॉल यांनी १५ सप्टेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे अखेरचे सत्र सुरू होता होता स्थापन केली. परिषद आणि सिनड यांत येथेच गल्लत होते. व्हॅटिकन परिषदेसारख्या सार्वत्रिक परिषदेत जगभरचे महागुरू पोप महोदयांसह सर्वोच्च अधिकार चालवतात, तर सिनड ही मुळात सल्ला देणारी सभा आहे. पोप महोदयांनी विशेष अधिकार दिला तरच ती निर्णय करू शकते, असे आपल्या धर्मनियमांच्या संहितेतील ३४३ वे कलम सांगते. मतदान होते, परिच्छेदागणिक होते आणि दोन तृतीयांश मते लागतात, पण तेवढ्यावरून तिला संसद समजू नये. संसदेत बहुमत मिळाले की प्रश्न संपतो. येथे मते मोजली जातात ती सभेचे मन कितपत एक झाले आहे हे पाहण्यासाठी.

आपण ज्या सिनडच्या वेळी रोझरी म्हणत होता, तिचेच पाहा. २०१४ मध्ये तीन परिच्छेदांना दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत, त्यांत घटस्फोटित आणि पुनर्विवाहित व्यक्तींविषयीचेही होते. पोप फ्रान्सिस यांनी ते गाळले नाहीत, मतांच्या आकड्यांसह जसेच्या तसे प्रसिद्ध करायला लावले. पुढच्या वर्षी त्याच विषयावरच्या ८५ व्या परिच्छेदाला १७८ मते पडली, आणि दोन तृतीयांशासाठी १७७ हवी होती. एका मताने! नंतर २०१६ मध्ये पोप महोदयांचे जे प्रबोधनपत्र आले त्यात सरसकट हो किंवा नाही असा नियम नाही, धर्मगुरूने त्या व्यक्तीबरोबर बसून विवेकाने वाट शोधावी असे सांगितले आहे. यावर आजही मतभेद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

२०१८ पासून आणखी एक बदल झाला. सिनडच्या अंतिम दस्तऐवजाला पोप महोदयांनी स्पष्ट संमती दिली, तर तो त्यांच्या सामान्य शिकवणुकीचा भाग ठरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच घडले. पोप फ्रान्सिस यांनी मी वेगळे प्रबोधनपत्र लिहिणार नाही असे सांगून १५५ परिच्छेदांचा दस्तऐवज तत्काळ प्रसिद्ध करायला लावला. त्यामुळे ‘अखेरचा शब्द पोप महोदयांचाच’ हे आपले म्हणणे खरे आहे, मात्र या वेळी त्यांचा शब्द म्हणजे सभेचाच शब्द झाला.

कल्याणकर सुरियानी

मराठी माझी शाळेची भाषा आहे, लिहिताना चूक झाल्यास सांभाळून घ्यावे. आपल्या शेजाऱ्यांनी सांगितले ते बरोबर आहे. आम्ही कॅथलिकच आहोत, पोप महोदयांच्या ऐक्यात आहोत, पण आमची उपासना पूर्व सिरियाक परंपरेची आहे आणि पौर्वात्य ख्रिस्तसभांचे धर्मनियम वेगळे आहेत. आमच्या महागुरूंची सिनड कायदे करू शकते आणि आमच्या मेजर आर्चबिशपची निवडही करते. जानेवारी २०२४ मध्ये मार राफेल थट्टिल यांची निवड अशीच झाली. म्हणजे रोमची सिनड प्रामुख्याने सल्ला देते, आमची सिनड निर्णय करते.

निर्णयाचा अधिकार असला म्हणजे सारे सुरळीत होते, असे मात्र समजू नका. आमच्या सिनडने ऑगस्ट २०२१ मध्ये मिस्सा एकाच पद्धतीने अर्पण करण्याचे ठरवले, म्हणजे पहिला भाग लोकांकडे तोंड करून आणि मुख्य अर्पण वेदीकडे तोंड करून. केरळातील एर्नाकुलम-अंगमाली येथे त्यावरून जो संघर्ष पेटला तो आपण बातम्यांत वाचला असेल. दोन्ही बाजूंचे लोक प्रार्थना करणारे होते, हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या आजोळच्या घरी तर एकाच जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाजू बसत होत्या आणि जेवणाआधीची प्रार्थना कोणी म्हणायची यावरही रुसवे होत. तेव्हापासून ‘सिनड यशस्वी व्हावी’ हे शब्द माझ्याही तोंडातून निघत नाहीत.

संत्रानगरी

आपल्या जाऊबाईंच्या मंडळीपैकी मी एक आहे, म्हणून थोडक्यात भर घालतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी आमच्या नागपुरातच सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून स्थापन झाली. आमची सिनड हे प्रशासनाचे सर्वोच्च अंग असून तिच्यात बिशपांबरोबर धर्मप्रांतांतून आलेले पाळक आणि सामान्य सभासदही मत देतात आणि तिच्या प्रमुखाला मॉडरेटर म्हणतात. शब्द एकच आहे, पण रचना निराळी आहे. कॅथलिक बांधवांची २०२३ ची सभा मी कुतूहलाने पाहत होतो, कारण प्रापंचिकांना (धर्मगुरू नसलेल्या सामान्य सभासदांना), विशेषतः स्त्रियांना मत देण्याची गोष्ट आमच्या सवयीची आहे. निवडणुकीबरोबर गट-तट कसे येतात, तेही आमच्या सवयीचे आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

बोरिवलीकर

मला या साऱ्याचा उत्साह वाटत नाही आणि कोणाला दुखवण्याचा हेतू नसताना तसे स्पष्ट लिहितो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जगभरच्या धर्मप्रांतांत सिनडची सुरुवात झाली, तेव्हा आमच्या विभागातही प्रश्नावली वाटली गेली. आम्ही अकरा जण दोन संध्याकाळ बसलो, एका तरुण मुलीने तर आयुष्यात प्रथमच धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) बैठकीत तोंड उघडले. आमचा कागद पुढे गेला. त्यातले काय वरपर्यंत पोहोचले, काय गाळले, हे आम्हाला आजतागायत कोणी सांगितलेले नाही आणि ती मुलगी पुन्हा बैठकीला आलेली नाही. अखेर त्या सिनडने स्त्रियांना डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) करण्याचे ठरवून टाकले, म्हणजे ज्यांना जे हवे होते ते त्यांनी मिळवलेच.

जुना कॅटेकिस्ट

बोरिवलीकर, शेवटचे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. सिनडने तसे काही ठरवलेले नाही. २०२४ च्या दस्तऐवजाचा ६० वा परिच्छेद एवढेच म्हणतो, की स्त्रियांना डीकनपदाची दीक्षा देण्याचा प्रश्न खुला आहे आणि त्यावरील विचार चालू राहावा. तेवढ्यालाही २५८ जणांनी होकार आणि ९७ जणांनी नकार दिला. साऱ्या दस्तऐवजात सर्वाधिक विरोध याच परिच्छेदाला झाला. ठरले काय होते, तर २०२३ मध्ये ५४ स्त्रियांना प्रथमच महागुरूंच्या सिनडमध्ये मत देता आले.

कागदाविषयीची आपली तक्रार मात्र मला मान्य आहे. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

उदयंपेरूरची आठवण

मी इतिहास शिकवत असे. भारतात सिनडविषयी बोलणे चालले असताना १५९९ चे नाव निघू नये, हे मला चमत्कारिक वाटते, म्हणून लिहितो.

त्या वर्षीच्या जून महिन्यात गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर येथे संत थोमाच्या ख्रिस्ती लोकांची, म्हणजे तेथल्या प्राचीन ख्रिस्ती समाजाची, सिनड बोलावली. २० ते २६ जून असे सात दिवस ती चालली, धर्मगुरू आणि प्रापंचिक प्रतिनिधी शेकड्यांनी हजर होते, गंभीर मिस्साने तिचा प्रारंभ झाला. बाहेरून पाहणाऱ्याला ती आदर्श वाटली असती. परंतु ठराव आधीच लिहून तयार होते. जमलेल्यांनी ते ऐकायचे आणि सह्या करायच्या, एवढेच उरले होते. त्यांच्या जुन्या परंपरा पुष्कळ ठिकाणी चुकीच्या ठरवण्यात आल्या आणि सिरियाक ग्रंथ दुरुस्तीसाठी किंवा जाळण्यासाठी मागवण्यात आले. दाबलेला असंतोष ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टनचेरीच्या क्रुसापाशी घेतलेल्या शपथेत उसळला आणि तो समाज जो दुभंगला तो आजही एक नाही. त्या काळी आपली वसईही पोर्तुगीजांच्या ताब्यात आणि गोव्याच्याच आर्चबिशपांच्या अधिकारात होती, त्यामुळे ही दूरची गोष्ट म्हणून मला ती सोडून देता येत नाही.

म्हणून मूळ प्रश्न विचारणाऱ्या भगिनींना सांगावेसे वाटते, की निकाल मनात ठेवून प्रार्थना करण्याची आपल्याला लाज वाटली, ही चांगली खूण आहे. १५९९ मध्ये ती वाटली नव्हती. घरातल्या माणसासाठी रडणे हा पक्षपात नव्हे. स्तोत्रकर्ताही देवाला नाना परींनी सुचवतच असतो. फरक एवढाच, की सांगून झाल्यावर आपण थांबतो की नाही. रोममध्ये या वेळी थांबण्याचा एक साधा नियम केलेला होता. गोल टेबलांभोवती दहा-बारा जण बसत, पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपले म्हणणे मांडायचे आणि कोणी मध्ये बोलायचे नाही, मग शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचा मुद्दा पुन्हा रेटायचा नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातले आपल्याला काय भिडले तेवढेच सांगायचे, पुन्हा शांतता, आणि त्यानंतरच एकत्र विचार. कार्डिनलच्या शेजारी महाविद्यालयीन विद्यार्थिनी बसलेली असताना दुसरी फेरी पाळणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना आपल्यापैकी ज्यांनी धर्मग्रामाच्या सभा पाहिल्या आहेत त्यांना सहज करता येईल.

लॅटिनचा विद्यार्थी

प्रार्थना लिहायचीच आहे, तर नवी शोधण्याआधी जुनी पाहावी. २०२१ पासून प्रत्येक सिनड-बैठकीच्या आरंभी जी प्रार्थना म्हटली गेली ती परंपरेने सेव्हिलचे संत इसिदोर यांच्या नावावर सांगितली जाते. ते ६३६ मध्ये वारले, म्हणजे ती सुमारे चौदाशे वर्षांची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतही तीच म्हटली जात असे. तिची सुरुवात अशी, की हे पवित्र आत्म्या, आम्ही तुझ्यासमोर उभे आहोत.

या प्रार्थनेत सभेच्या यशाची मागणी कुठेही नाही. ‘आम्ही दुबळे आणि पापी आहोत’ असे कबूल करून ती संकटांपासून राखण्याची याचना करते, आणि ती संकटे बाहेरची नाहीत, बैठकीला जमलेल्यांचीच आहेत. आमच्या हातून गोंधळ माजू देऊ नकोस, अज्ञानाने आम्हाला भलत्या वाटेला नेऊ नये, पक्षपाताने आमचे वागणे वाकू नये. जुन्या लॅटिन पाठात याहून रोखठोक शब्द आहेत. मिळालेली भेटवस्तू आणि समोरच्याचा मोठेपणा, या दोहोंनी आम्ही भ्रष्ट होऊ नये, असे तेथे म्हटले आहे. सभेला बसलेल्या महागुरूंनी लाच आणि मुलाहिजा यांची नावे घेऊन प्रार्थना करावी, हे धाडस सातव्या शतकाने दाखवले. आजच्या पाठात त्याचे सौम्य ‘पक्षपात’ झाले, याचे मला थोडे वाईट वाटते.

आता प्रार्थना कशासाठी, या पहिल्या प्रश्नाविषयी. पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०२५ मध्ये रुग्णालयातूनच पुढील तीन वर्षांच्या कार्यक्रमाला संमती दिली. २०२७ च्या पहिल्या सहामाहीत धर्मप्रांतांनी सभा घेऊन काय अमलात आले त्याचा आढावा घ्यायचा, मग देशपातळीवर, २०२८ च्या आरंभी खंडपातळीवर आणि ऑक्टोबर २०२८ मध्ये व्हॅटिकनमध्ये सभा भरायची, असा तो क्रम आहे. आता चेंडू आपल्या अंगणात आहे. अंतिम दस्तऐवजाने धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळासारख्या (धर्मगुरूला सल्ला देणाऱ्या) सहभागाच्या मंडळांना बंधनकारक करण्याचा आग्रह धरला आहे. आजच्या संहितेप्रमाणे अर्थमंडळ प्रत्येक धर्मग्रामात असलेच पाहिजे, पाळकीय मंडळ असावे की नाही ते महागुरूंनी ठरवायचे असते. हिशोब लोकांसमोर मांडणे आणि जबाबदारीचा आढावा घेणे यावरही त्या दस्तऐवजात बरेच काही आहे. तेव्हा लाच आणि मुलाहिजा हे शब्द सातव्या शतकातच ठेवून चालणार नाही.

बोरिवलीकर

माझी चूक दाखवल्याबद्दल कॅटेकिस्टांचे आभार, मी एका फिरत्या संदेशावर विसंबलो होतो. २०२७ च्या सभेचे आम्हाला अजून कोणी कळवलेले नाही. या वेळी मी वाट न पाहता स्वतःच जाऊन विचारीन. त्या मुलीलाही विचारावे की नाही, ते ठरत नाही. बोलावून पुन्हा तोच अनुभव आला तर?

निर्मळची वाट (वसई)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तीन वेळा खाडाखोड करून पुढील मजकूर लिहिला आहे.

‘सिनडने दाखवलेल्या वाटेवर जगभरची ख्रिस्तसभा आणि आपला धर्मग्राम चालू पाहत आहे. आमच्या बैठकांत ज्यांचे कोणी ऐकून घेतले नाही, त्यांचे शब्द आम्हाला ऐकू यावेत, ओळखीच्या माणसाचा मुलाहिजा आणि स्वतःच्या मताचा हट्ट यांपासून आमचे रक्षण व्हावे, आणि आम्ही मागितलेले मिळाले नाही तरी एकमेकांना सोडून जाण्याची बुद्धी आम्हाला होऊ नये, म्हणून आपण प्रार्थना करू या.’ त्यावर लोक नेहमीप्रमाणे ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ म्हणतील.

बोरिवलीकर, ‘ज्यांचे कोणी ऐकून घेतले नाही’ हे शब्द तुमच्या त्या मुलीमुळे आले. तिला बोलावायचे की नाही हे तुम्ही ठरवा, परंतु बोलावण्याआधी तिच्या जुन्या कागदाचे काय झाले ते शोधून, जे कळेल ते तिला सांगावे, असे मला वाटते.

दुसरे म्हणजे, येत्या गुरुवारी समूहाच्या बैठकीत ती दोन फेऱ्यांची पद्धत करून पाहणार आहोत. विषय अगदी घरगुती आहे, सणाच्या वर्गणीचा. दुसऱ्या फेरीत कोणी स्वतःचा मुद्दा पुन्हा काढला तर त्याला कसे थांबवायचे, एवढे कोणी सुचवले तर बरे होईल, कारण सर्वांत जास्त बोलणारे गृहस्थ माझे मोठे दीर आहेत.

उदयंपेरूरची आठवण

पहिल्या फेरीआधीच हातातले घड्याळ काढून त्यांच्याकडे द्यावे आणि प्रत्येकाची तीन मिनिटे मोजण्याचे काम त्यांनाच सांगावे.